खानदेशी बोलींतील ‘ळ’ : जिभेचा प्रश्न की मनाचा?

खानदेशातील बोलींचे वर्णन करताना ‘तेथे ळचा य होतो’ असे विधान नित्य केले जाते. काळा–काया, डोळा–डोया, शाळा–शाया ही त्याची उदाहरणे. जळगाव परिसरातील लेवा बोली आणि धुळ्याकडील अहिराणी यांचे व्याकरण भिन्न असले, तरी या बाबतीत त्यांचे साम्य आहे. विधान चुकीचे नाही. परंतु ते नेमके कशाविषयी आहे, हे न ठरविताच ते वापरले जाते. ‘होतो’ हे क्रियापद भाषेच्या इतिहासाला उद्देशून आहे, बोलणाऱ्याच्या उच्चाराला, की त्याच्या मनातील ध्वनिव्यवस्थेला? या तीन प्रश्नांची गल्लत झाली, की खानदेशी माणसाची जीभ ‘ळ’कडे वळतच नाही, असा निष्कर्ष सहज काढला जातो.

हा निष्कर्ष टिकणारा नाही. ‘डोया’ म्हणणारा मनुष्य त्याच शब्दात मूर्धन्य ‘ड’ बिनचूक उच्चारतो. म्हणजे जीभ वळविणे त्याला अवगत आहे. पार्श्विक ‘ल’ही त्याच्या बोलीत आहे. ‘ळ’ हा या दोन क्रियांचा संयोग होय. तेव्हा उणीव अवयवाची नाही. त्या संयोगाला बोलीच्या व्यवस्थेत स्वतंत्र स्थान नाही, एवढेच.

स्वनिमाला मानसिक वास्तव असते, हे एडवर्ड सपीर यांनी १९३३ मध्ये आग्रहाने मांडले. त्रुबेत्स्कॉय यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मातृभाषेच्या ध्वनिव्यवस्थेला चाळणीची उपमा दिली. पुढील प्रयोगांनी या विचाराला पुष्टी दिली. वर्कर आणि टीझ यांच्या १९८४ च्या प्रयोगात इंग्रजी भाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांची बालके हिंदीतील दंत्य व मूर्धन्य ध्वनींतील भेद ओळखत होती. वर्षाच्या अखेरीस ती क्षमता बरीच ओसरलेली दिसली. १९९७ मध्ये न्याटानेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी फिनिश आणि एस्टोनियन भाषकांच्या मेंदूंतील विद्युत्-प्रतिसाद नोंदविले. श्रोत्याचे लक्ष ध्वनीकडे नसतानाही, स्वभाषेतील स्वराला मिळणारा प्रतिसाद परक्या स्वराच्या मानाने अधिक ठळक होता.

तथापि हे निष्कर्ष खानदेशाला जसेच्या तसे लावणे योग्य नव्हे. हिंदी न ऐकलेले इंग्रजी बालक आणि शाळेत, बाजारात, कीर्तनात प्रमाण मराठी ऐकणारा खानदेशी विद्यार्थी यांची स्थिती एक नाही. दुसऱ्याच्या मनात दोन व्यवस्था शेजारी नांदत असतात. म्हणून खरा प्रश्न असा : ‘डोया’ हा शब्द त्याच्या मनात कोणत्या रूपाने साठविलेला असतो?

येथे दोन पक्ष संभवतात. एक, शब्द ‘ळ’सह साठविलेला असून उच्चारसमयी त्याचा ‘य’ केला जातो. दोन, तो ‘य’सहच साठविलेला असतो. केवळ बोलीच ऐकणाऱ्या बालकाच्या बाबतीत पहिला पक्ष निराधार ठरतो. ‘डोया’मागे ‘ळ’ दडला आहे, हे सुचविणारे काहीच त्याच्या कानी पडत नाही. ‘काया’ म्हणजे काळा आणि ‘काया’ म्हणजे शरीर हे त्याला एकाच ध्वनींचे दोन शब्द होत. त्याच्यापुरता ‘ळचा य’ हा भाषेचा इतिहास आहे, मनोव्यापार नव्हे. प्रमाण भाषा शिकताना कोणत्या ‘य’च्या जागी ‘ळ’ घालावा, हे त्याला शब्दागणिक शिकावे लागते. याची कसोटी अतिशुद्धीत सापडते. विद्यार्थी मूळच्या ‘य’च्या जागीही ‘ळ’ घालू लागला, तर त्याच्या मनात ‘ळ’ आधीपासून नव्हता, असे म्हणण्यास आधार मिळेल. कारण तो असता तर अशी चूक घडण्याचे कारणच नव्हते.

लिखित पुरावा या कामी अपुरा आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणात खानदेशीला १९०७ च्या खंडात भिल्ल बोलींसोबत स्थान मिळाले. तेथील नमुने लेखनिकाच्या कानातून गाळून आलेले आहेत. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) निरक्षर होत्या. १९५२ मध्ये ग्रंथरूप झालेली त्यांची गाणी साक्षर आप्तांनी टिपली. या संहितेतील ‘य’ किंवा ‘ळ’ हे अक्षर कवयित्रीच्या मनाची साक्ष देते की टिपणाऱ्याच्या, हे अक्षरावरून ठरत नाही. यमक मात्र अधिक विश्वासार्ह साक्षीदार आहे. मूळचा ‘य’ आणि ‘ळ’पासून आलेला ‘य’ निरक्षर रचनेत वारंवार जुळत असतील, तर ते दोन्ही रचणारीच्या मनात एकच होते, असे मानण्यास जागा आहे. केवळ स्वरसाम्यावर भागविलेली यमके मात्र आधी वगळली पाहिजेत.

जळगावच्या विद्यापीठाने २०१८ पासून याच कवयित्रीचे नाव धारण केले आहे. यमकांची ही छाननी आणि शालेय अतिशुद्धीची नोंद तेथील विद्यार्थ्यांच्या आवाक्यातली आहे. तिचे महत्त्व केवळ शास्त्रीय नाही. ‘शाया’ म्हणणाऱ्या मुलाला वारंवार उच्चार करावयास लावणे म्हणजे निरोगी जिभेवर उपचार करणे होय. त्याला शिकवावयाचे आहे ते उच्चारस्थान नव्हे, तर कोणत्या शब्दांत ‘ळ’ येतो ते. आणि शिकविताना त्याच्या घरच्या व्यवस्थेला दोष मानण्याचे कारण नाही.