उसने पोहे

आपल्या घाटंजी भागात भागवत सप्ताह कुठेही असू द्या, शेवटच्या दिवशी सुदामा येतोच. कुणीतरी फाटकं धोतर नेसून मांडवात शिरतो, काखेत पुरचुंडी, आणि बायाबापड्यांच्या डोळ्याला पाणी. आमच्याही येतं. तक्रार त्या पाण्याबद्दल नाही, त्यानंतरच्या वाक्याबद्दल आहे. बुवा म्हणतात, "मूठभर पोहे दिले, सोन्याची नगरी मिळाली!" आणि लगेच पावतीपुस्तक फिरतं. देणगीदारांची नावं माईकवरून, रकमेसकट. ज्याचा कापूस यंदा गेला, तो मागच्या रांगेत मान खाली घालून बसतो.

आता मूळ कथा बघू. दशम स्कंध, अध्याय 80 आणि 81. पहिली गंमत म्हणजे तिथे सुदामा हे नावच नाही. एक गरीब ब्राह्मण, एवढंच. बायको म्हणते, तुमचा मित्र द्वारकेचा राजा, जाऊन या. हा निघतो तो भेटीच्या ओढीने. पण रिकाम्या हाताने कसं जायचं? मग ती शेजारच्या घरांतून चार मुठी पोहे मागून आणते आणि फडक्याच्या तुकड्यात बांधून देते.

मागून, बरं का. साधी भेट म्हटलं की आपण समजतो, घरात होतं ते दिलं. इथे घरात तेवढंही नव्हतं. आमच्या लहानपणी आईने सत्यनारायणाच्या शिऱ्याचा रवा शेजारून वाटीने उसना आणला होता, आणि प्रसाद वाटताना नेमक्या त्याच शेजारणीकडे तिला बघवत नव्हतं. भक्तीबरोबर लाजही असते. ती लाज भागवतकारांनी सोडलेली नाही. कृष्ण विचारतो, घरून माझ्यासाठी काय आणलंस? हा मान खाली घालतो, पुरचुंडी पुढे करत नाही.

आणि ऐका, पान, फूल, फळ, पाणी यांचा जो श्लोक आपण गीतेच्या नवव्या अध्यायातला म्हणून पाठ करतो, तोच भागवतात नेमका इथे येतो. गीतेत तो सगळ्यांना दिलेली मोकळीक वाटतो. इथे तो पुरचुंडी लपवणाऱ्या एका माणसासमोर म्हटला जातो. आम्हाला तो इथे जास्त कळतो. आधी त्याची लाज घालवायची, मग पुरचुंडी ओढून घ्यायची. कृष्ण एक मूठ खातो, दुसरी भरतो तेव्हा रुक्मिणी हात धरते.

ज्ञानेश्वरांनी 1290 च्या सुमारास याच नवव्या अध्यायावर लिहिताना पान-फूल हे भजनाचं नुसतं निमित्त ठरवलं. आपल्या वऱ्हाडात वकिली केलेल्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी तर विनोदी लेखांच्या पुस्तकालाच 'सुदाम्याचे पोहे' नाव दिलं. ते नाव ऐकून वाचक हसतो आणि लेखकाचा संकोचही ओळखतो, इतकी ही पुरचुंडी मराठीत रुजली आहे.

बुवांवर अन्याय नको. वैभव पोथीत आहेच, आणि दुसरी मूठ अडवताना रुक्मिणी समृद्धीचंच बोलते. नगरी बुवांनी पदरची घातलेली नाही. पण त्याआधी काय आहे? हा माणूस दुसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने निघतो. त्याने मागितलं नाही, त्याला हातात काही मिळालं नाही. वाटेने तो मनाशी म्हणतो, पैसा आला असता तर मी माजलो असतो, देवाला विसरलो असतो, म्हणूनच दिला नसेल. मित्राने आपल्याला छातीशी धरलं, पलंगावर बसवलं, पाय धुतले, यातच तो खुशीत आहे. घरी काय झालंय याचा त्याला पत्ताच नाही. सौदा म्हणायचा तर सौदा करणाऱ्याला भाव तरी माहीत हवा ना!

आमच्या मते कथेचा जीव त्या परतीच्या वाटेत आहे, आणि सप्ताहात नेमकी तीच वाट दोन वाक्यांत उरकली जाते, कारण आरतीची वेळ झालेली असते. यंदा शेवटच्या दिवशी आम्ही मागच्या रांगेत बसणार आहोत. बुवा तिथे किती वेळ थांबतात, ते घड्याळ लावून बघू.