चिनी वास्तुकला : 'ताठर' कोणी ठरवली?

चिनी मंदिरांची आणि राजवाड्यांची चित्रे पाहताना सगळ्या इमारती एकाच साच्यातून काढल्यासारख्या वाटतात. बॅनिस्टर फ्लेचर यांच्या गाजलेल्या वास्तुकलेच्या इतिहासात, १९०१ च्या आवृत्तीत, चिनी वास्तुकलेची गणना 'अनैतिहासिक' शैलींत केली होती. भारतीय वास्तुकलाही त्याच रांगेत होती! या समजाला भक्कम उत्तर दिले ते लियांग सिछंग (१९०१-१९७२) यांनी. त्यांचा इंग्रजीतील सचित्र इतिहास १९४० च्या दशकात लिहून झाला, पण प्रसिद्ध झाला १९८४ साली, त्यांच्या निधनानंतर. हे पुस्तक शिक्षकांनी जरूर पाहावे. मात्र त्यातील निवाडा तपासून घ्यावा, असे आम्हाला वाटते.

पुस्तकाचे खरे बळ मोजमापात आहे. चिनी इमारतीत छपराचे वजन भिंतींवर नसते, ते लाकडी खांब-तुळयांवर असते. खांबाच्या माथ्यावर एकात एक अडकवलेल्या लाकडी तोड्यांचा संच असतो. त्याला 'दोउगोंग' म्हणतात. तो छपराची वळचण भिंतीच्या बरीच पुढे नेतो आणि पावसापासून मातीच्या भिंतींचे रक्षण करतो. १९३७ साली लियांग आणि त्यांच्या पत्नी लिन ह्वेयिन यांना वूथाय पर्वतात फोग्वांग मंदिर सापडले. तुळईवरील लेखावरून त्याचा काळ ठरला इ.स. ८५७. तेथे तोड्यांची उंची खांबाच्या जवळजवळ निम्मी आहे आणि दोन खांबांमध्ये तोड्यांचा एकच संच आहे. बीजिंगच्या राजवाड्यातील १६९५ च्या मुख्य दालनात तोडे बरेच लहान, पण दोन खांबांमध्ये सात-आठ संच दाटीने बसवलेले. म्हणजे बदल झाला आणि तो मोजताही येतो. फ्लेचर यांच्या वर्गवारीला याहून चांगले उत्तर कोणते?

या मोजमापांना आधार होता इ.स. ११०३ मध्ये छापलेल्या 'यिंगझाओ फाशी' या ली जिए यांच्या सरकारी बांधकाम-ग्रंथाचा. त्यात लाकडाच्या आठ प्रती ठरवल्या असून प्रत्येकीत छेदाच्या उंची-रुंदीचे प्रमाण १५:१० आहे. गोल ओंडक्यातून सर्वांत मजबूत तुळई कापायची तर हे प्रमाण गणिताने सुमारे १.४१ येते. १.५ घेतले तर मजबुतीत पडणारा फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे.

आता आमचा आक्षेप. लियांग यांनी या इतिहासाचे तीन टप्पे केले : जोमाचा, डौलाचा आणि, सुमारे १४०० पासून, ताठरपणाचा. तोडे भार पेलतात तोवर कला निरोगी, ते शोभेचे झाले की ऱ्हास, अशी ही कसोटी आहे. पण तोडे लहान का झाले? मिंग काळात विटांच्या भिंतींचा प्रसार झाला. वीट पावसाला मातीइतकी भीत नाही, त्यामुळे लांब वळचणीची गरज कमी झाली. मोठे लाकूडही दुर्मिळ होत गेले. तुळया थेट खांबांना जोडल्या जाऊ लागल्या. एका भागाचे काम कमी झाले म्हणून सगळी रचना निकृष्ट ठरत नाही. शिवाय पुस्तकाचा भर मंदिरांवर आणि सरकारी इमारतींवर आहे. सामान्यांच्या घरांना त्यात फार थोडी जागा मिळाली आहे. ज्या 'अनैतिहासिक' शिक्क्याविरुद्ध लियांग लढले, त्याचीच सावली शेवटच्या पाच शतकांवर त्यांच्याच हातून पडली, असे आम्हाला वाटते.

तरीही त्यांच्याशी वाद घालायला लागणारी मापे त्यांनीच आपल्या हाती दिली आहेत, हे विसरता येत नाही. वर्गात दोन्ही इमारतींची चित्रे शेजारी ठेवावीत. मुलांना पट्टीने तोडे आणि खांब मोजू द्यावेत, दोन खांबांमधले संच मोजू द्यावेत. मग विचारावे : हा ऱ्हास की बदललेली गरज? उत्तर मुलांनीच मापांवरून शोधावे.