धास्ती कशाची?

मागच्या दिवाळीला लेक पुण्याहून आली होती. जाताना तिचा जुना लॅपटॉप माझ्याकडे ठेवून गेली, त्यात चार-पाच सिनेमे भरून दिले. एका सिनेमाबद्दल मात्र तिनं बजावलं, "आई, हा एकटीनं बघ. बाबांबरोबर नको." एवढं सांगितल्यावर तोच आधी बघितला जाणार हे ओघानं आलंच. दुपारची वेळ. यजमान खडेबाजारातल्या दुकानात, सासूबाई पलीकडच्या खोलीत झोपलेल्या. तरी मी दाराला कडी लावली आणि आवाज अगदी बारीक केला. कडी लावताना माझं मलाच हसू आलं. या वयात, स्वतःच्या घरात, कोणाची चोरी? पण सिनेमा सुरू झाला आणि पडद्यावरची बाई माझ्याहून जास्त घाबरलेली निघाली.

सिनेमाचं नाव 'गुड लक टू यू, लिओ ग्रांडे'. २०२२ सालचा, इंग्लंडमधला. लिहिला केटी ब्रँड यांनी, दिग्दर्शन सोफी हाइड यांचं. म्हणजे दोन्ही बायकाच, आणि ते जाणवतं. गोष्ट एवढीशी आहे. नॅन्सी नावाची एक निवृत्त शिक्षिका, विधवा, दोन मोठ्या मुलांची आई. आयुष्यभर शाळेत धर्मशिक्षण शिकवलेलं. ही बाई पैसे देऊन एका तरुण पुरुषाला हॉटेलच्या खोलीवर बोलावते. तो लिओ. त्यांच्या चार भेटी म्हणजेच सिनेमा. नॅन्सीचं काम एमा थॉम्पसन यांनी केलंय, लिओचं डॅरिल मॅकॉरमॅक यांनी. जवळजवळ सगळा वेळ एक खोली, दोन माणसं आणि बोलणं. आपल्याकडच्या प्रायोगिक नाटकासारखाच मामला.

विषय वाचून पुस्तक मिटू नका. मीही श्रावकाच्याच घरातली आहे. या सिनेमात मला जे सापडलं ते हॉटेलच्या खोलीपुरतं नाही, म्हणून लिहिते आहे.

पहिल्या भेटीत नॅन्सीची जी तारांबळ उडते ती बघण्यासारखी आहे. ती बसत नाही, उभी राहत नाही, नको ते प्रश्न विचारते. तुझं वय काय? तुझ्यावर कोणी जबरदस्ती तर करत नाही ना? मी तुला म्हातारी वाटत असेन, नाही? मध्येच म्हणते, हे सगळं रद्द करू या. मग स्वतःच्या नवऱ्याबद्दल सांगत सुटते. ३१ वर्षांचा संसार, पण शरीराच्या बाबतीत त्या माणसाचा एकच ठरलेला रिवाज. आपलं झालं की कूस बदलून झोपायचं. त्या सगळ्या वर्षांत तिला सुख म्हणून काय असतं ते कळलेलंच नाही. मुलांबद्दलही बोलते, आणि आईनं बोलू नये असं बोलते. मुलगी असताना सुट्टीत ग्रीसला गेली होती, तिथे हॉटेलात काम करणाऱ्या एका पोराबरोबर जे होता होता राहिलं, तेही सांगते. इतकी वर्षं बंद असलेली पेटी उघडावी आणि आतलं काय काय बाहेर पडावं, तसं.

आणि लिओ काय करतो? घाई करत नाही. हीच त्याची खरी कसब. मला आठवला आमचा कासार. लहानपणी आई त्याच्याकडे बांगड्या भरायला न्यायची. परका पुरुष, पण बायकांचा हात हातात घ्यायची मुभा असलेला. हात आवळून धरला की बांगडी चढत नाही, काच फुटते, रक्त येतं. म्हणून तो आधी बोलत बसायचा. माहेर कुठलं, यंदा पाऊस कसा, पोरं किती. बोलता बोलता बाईचा हात आपोआप सैल पडायचा आणि बांगडी कधी सरकली ते कळायचंही नाही. "घाबरू नका" असं त्यानं कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. घाबरू नका म्हटल्यानं भीती जात नाही, उलट आपण घाबरलोय हे चारचौघांत जाहीर होतं.

लिओ असाच आहे. तो हसत नाही, तिच्या प्रश्नांना टाळत नाही. प्रत्येक पावलाला विचारतो, हे चालेल का? नको म्हणालीस तर थांबतो. आणि ती नको म्हणते तेव्हा खरंच थांबतो. नॅन्सीच्या आयुष्यात असं विचारणारं हे पहिलंच माणूस. तिची धडधड कमी होते ती त्याच्या देखणेपणानं नव्हे, या विचारण्यानं. दुसऱ्या भेटीत तर ही मास्तरीणबाई चक्क यादी घेऊन येते. काय काय करायचं त्याची, क्रमानं. महिन्याचा किराणा भरायला निघाल्यासारखी. मला खूप हसू आलं, आणि मग पोटात तुटलंही. ज्या बाईला आयुष्यभर कोणी 'तुला काय हवं' विचारलं नाही, तिनं हवं ते मागायचं तरी कुठल्या भाषेत? तिला यादीचीच भाषा येते. लिओ तिला गाणं लावून नाचायला लावतो, तेव्हा कुठे ती यादी हातातून सुटते.

आमच्या स्वाध्यायात मागे श्रावकाच्या अणुव्रतांवर वर्ग झाले होते. ब्रह्मचर्याणुव्रताच्या अतिचारांत इत्वरिकेकडे जाण्याचा दोष सांगितला आहे. सप्तव्यसनांत वेश्यागमन येतं, आणि त्याचा दाखला म्हणून हमखास चारुदत्ताची कथा. देवलांच्या 'मृच्छकटिका'तला नव्हे, आपल्या 'हरिवंशपुराणा'तला. हाही मोठा मजेदार माणूस. पुस्तकात बुडालेला, बायकोकडे न बघणारा. त्याला संसाराची गोडी लागावी म्हणून काका रुद्रदत्त त्याला वसंतसेनेच्या घरी नेतो. पुढे पैसा संपतो आणि तिची आई त्याला बाहेर काढते. तेव्हा मी विचारलं होतं, या कथेत त्याच्या बायकोचं काय? वर्ग हसला. शिकवणारे म्हणाले, "ताई, ती सती होती." संपलं. तिला काय हवं होतं, हा प्रश्न पुराणाला पडला नाही आणि वर्गालाही नाही. दोष लिहिले गेले ते जाणारा पुरुष डोळ्यांसमोर ठेवून. बाईला धास्ती वाटेल, तिलाही काही हवंसं वाटेल, हे लिहिणाऱ्यांच्या हिशेबातच नव्हतं.

मी व्रत मानते, आणि हा सिनेमा बघून ते सोडलेलं नाही. पण त्या व्रताचं नाव स्वदारसंतोष असं आहे. त्यातला 'संतोष' हा शब्द आपण किती सहज गिळून टाकतो! नॅन्सीनं ३१ वर्षं निष्ठा पाळली. निष्ठा होती, संतोष नव्हता. मग व्रत अर्धंच पाळलं गेलं म्हणायचं की नाही? आणि उरलेल्या अर्ध्याची जबाबदारी कोणाची? सिनेमा हा प्रश्न विचारत नाही, त्याला आपली व्रतं माहीत नाहीत. पण मला तो तिथेच येऊन टोचला.

आता सिनेमाचा कणा, म्हणजे तिसरी भेट. आमच्याकडे जेवणं सूर्यास्ताच्या आत. नेमक्या या भेटीच्या वेळी मला लॅपटॉप मिटून स्वयंपाकाला उठावं लागलं, आणि चपात्या लाटताना मी मनातल्या मनात लिओच्या बाजूनं भांडत होते. झालं असं की नॅन्सीनं त्याचं खरं नाव शोधून काढलेलं असतं. 'लिओ' हे कामापुरतं नाव. त्याचं घर, त्याची आई, सगळं त्यानं या नावाच्या पलीकडे ठेवलेलं. नॅन्सी मायेनंच ते उकरते. तिला त्याला बाहेर भेटायचंय, त्याचं भलं करायचंय, आईशी त्याचं नातं जुळवायचंय. आणि इतका शांत माणूस पहिल्यांदा संतापतो. आईनं त्याला तोडून टाकलंय, ही जखम आहे. तिथे बोट घालायची परवानगी त्यानं दिलेली नव्हती.

याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, अदत्तादान. न दिलेलं घेणं. आपण ते पैसा, दागिना, जमिनीचा बांध एवढ्यापुरतं समजतो. पण माणसाचं नावही न दिलेलं असू शकतं. गंमत बघा, या सबंध प्रकरणात गुप्तता हवी होती ती नॅन्सीला. खोटं नाव तिनंही घेतलेलंच, ते शेवटी कळतं. माझं कोणाला कळू नये म्हणून जी बाई जिवाचा आटापिटा करते, ती समोरच्याचं मात्र सगळं खणून काढते, आणि त्याला माया म्हणते. लपवायचा हक्क पैसे देणाऱ्याचा आणि उघडं पडायचं पैसे घेणाऱ्यानं, हा हिशेब आपल्या घरांतही चालतो. आपल्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईचा नवरा पितो का, मारतो का, हे आपण पहिल्या आठवड्यात विचारून घेतो. तिनं आपल्याला असं काही विचारलेलं चालेल का? त्या संध्याकाळी मला माझी स्वतःचीच चौकशीची सवय आठवली आणि लाटणं जरा जोरात फिरलं.

म्हणून या परीक्षणात मी त्याचं खरं नाव लिहीत नाही. पात्र काल्पनिक असलं तरी.

सिनेमा इथे उंच जातो आणि पुढे थोडा सोपा होतो. चौथ्या भेटीत हॉटेलच्या कॅफेत काम करणारी मुलगी नॅन्सीची जुनी विद्यार्थिनी निघते. म्हणजे जिची धास्ती पहिल्या भेटीपासून होती, तेच घडतं. नॅन्सी आधी थाप मारते, मग खरं सांगून टाकते, आणि शाळेत मुलींच्या कपड्यांवरून जे वाईट बोलली होती त्याची माफी मागते. बाईच्या शरीराची लाज मुलींच्या मनात घालणाऱ्यांत आपणही होतो, हे तिला उमगतं. हे मोलाचं आहे. पण उमगणं, माफी, मैत्री सगळं एका बैठकीत आवरतं. आयुष्यात एवढं भराभर मिटत नाही.

माझी मोठी तक्रार मात्र लिओबद्दल आहे. तो फार चांगला आहे. सुरेख कपडे, वाचन, गोड जीभ, स्वतःच्या मर्जीनं पत्करलेला पेशा. तुझ्यावर जबरदस्ती आहे का, असं नॅन्सी विचारते, तो नाही म्हणतो, आणि तिच्याबरोबर प्रेक्षकही सुटकेचा श्वास टाकतो. पण बंद खोलीत अनोळखी माणसापाशी जाण्याची धास्ती बोलावणाऱ्याइतकीच जाणाऱ्यालाही असते. किंबहुना जास्त. आमच्यापासून जवळच, सांगलीत, १९९६ साली या व्यवसायातल्या बायकांनी वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली. संघटनेच्या नावातच 'अन्याय' आहे. त्या बायकांना गाद्यांची हॉटेलं आणि चार भेटींची निवांत बोलणी मिळत नाहीत. हा सिनेमा आला त्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, आपल्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की या बायकांनाही सन्मानानं जगण्याचा हक्क आहे आणि पोलिसांनी त्यांच्याशी नीट वागावं. सांगावं लागलं, यातच सगळं आलं. लिओची धडधड कोण शांत करतं, हा प्रश्न सिनेमा जवळजवळ विचारतो, आणि मग नॅन्सीकडे वळतो.

तरी शेवट मला पटला. नॅन्सीला जे सुख हवं होतं ते तिला अखेर मिळतं, पण ते तिचं तिलाच सापडतं. लिओ त्या वेळी खोलीत असतो इतकंच. मग ती आरशासमोर उभी राहते, अंगावर काही नसताना, आणि स्वतःकडे बघते. इतक्या वयाच्या नटीनं पोट, सुरकुत्या काही न लपवता उभं राहायचं, याला छाती लागते. त्या नजरेत कौतुक नाही, किळसही नाही. ओळख आहे. एवढा वेळ तिला धास्ती होती ती कोणी पाहील याची. पाहणाऱ्यांत ती स्वतःही होती, हे तिथे कळतं.

सिनेमा संपला तेव्हा दिवेलागण झाली होती. यजमान आत आले, लॅपटॉप उघडाच होता. म्हणाले, "काय बघत होतीस एवढं?" तोंडावर 'काही नाही' आलंच होतं. तीस वर्षांची सवय. ते गिळलं आणि म्हटलं, "एका बाईचा सिनेमा आहे. तिला काय हवं ते कोणी विचारलंच नव्हतं." ते खुर्ची ओढून बसले. "मग?" म्हणाले.

मी पहिल्या भेटीपासून सांगायला लागले. या वेळी दाराला कडी नव्हती.