चित्राखालची पाटी

मागच्या हिवाळ्यात जिल्ह्यातल्या एका प्रदर्शनात 'जुने लोणार' असे नाव दिलेले चित्र पाहिले. तपकिरी, विटके, कडा झिजलेल्या. पाण्यात कमळे, मागे शंकूसारखा उंच डोंगर. लोणारचा माणूस तिथेच थबकेल. आमचे विवर म्हणजे बसाल्टच्या पठारात उमटलेली वाटी आहे, व्यास सुमारे १.८ किलोमीटर. पाणी खारे, अल्कधर्मी आणि शेवाळाने हिरवट. त्यात कमळ फुलत नाही. मांडणी करणाऱ्या मुलाला विचारले, तर तो सरळपणे म्हणाला, "काका, एआयकडून करून घेतलंय. छान आलंय ना?" छान होतेच. पण पाटीवर तसे कुठेही लिहिले नव्हते, आणि शाळेची मुले ते चित्र वहीत उतरवून घेत होती.

मी कलाशाळेत शिकलेलो नाही; जे वाचले ते आपल्या आवडीने. तरीही तेव्हापासून एक प्रश्न सोडवत नाही. अशा चित्राला दालनात जागा द्यावी का, आणि दिली तर खाली काय लिहावे?

उत्तराचा एक धागा अजिंठ्यात सापडतो. १८४०च्या दशकात रॉबर्ट गिल तेथील भित्तिचित्रांच्या तैलरंगातील प्रतिकृती करू लागले. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे १८७२ ते १८८५ या काळात सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन त्याच भिंतींसमोर बसले. त्यांच्याही कित्येक प्रतिकृती आगीत गेल्या. उरलेल्या आज मूळ रंग झडलेल्या जागी पुरावा म्हणून उपयोगी पडतात, कारण करणारा माणूस भिंतीसमोर होता आणि प्रतिकृतीला प्रतिकृतीच म्हटले गेले. एक उणीव मात्र राहिली. १८९६-९७च्या ग्रंथावर नाव ग्रिफिथ्स यांचे आहे. पेस्तनजी बोमनजींसारख्या विद्यार्थ्यांचे हात फार थोड्यांना ठाऊक आहेत.

ही उणीव नव्या काळात वाढली आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टीज लिलावात 'एडमंड द बेलामी' हे यंत्रनिर्मित व्यक्तिचित्र ४,३२,५०० डॉलरना विकले गेले. सहीच्या जागी गणिती सूत्र होते. ज्या रॉबी बॅरॅट या तरुणाने खुला ठेवलेला प्रोग्राम त्यासाठी वापरला गेला, त्याचे नाव चित्रावर नव्हते; ज्या हजारो जुन्या व्यक्तिचित्रांवर यंत्र शिकले, त्यांच्या चित्रकारांचेही नव्हते. उलट त्याच वर्षी अॅना रिडलर या ब्रिटिश कलावतीने ट्यूलिपची सुमारे १०,००० छायाचित्रे स्वतः काढली, प्रत्येकाखाली हाताने नोंद केली आणि यंत्राला शिकवण्याचा तो सगळा ऐवजच भिंतीवर मांडला. म्हणून सरसकट बंदी मला पटत नाही.

चित्रकारही इतरांचे पाहूनच शिकतो, मग यंत्रालाच नियम का, असे कोणी विचारील. खरे आहे. पण शिकलेला चित्रकार आपल्या चित्राची जबाबदारी घेतो. त्याला विचारता येते. यंत्राच्या बाबतीत ही जबाबदारी कोणाची, हे पाटीनेच सांगायला हवे. म्हणून दालनांनी चार गोष्टी लिहाव्यात: चित्र कोणी करवून घेतले, कोणत्या साधनाने आणि कोणत्या वर्षी, यंत्राला काय दाखवले होते (ठाऊक असेल तर), आणि चित्रातली वस्तू खरोखर होती का. कल्पनाचित्राला पहिल्या तीन पुरेत. इतिहास, वास्तू वा स्थळ दाखवणाऱ्याला चौथी अनिवार्य. आणि अशी चित्रे जुन्या छायाचित्रांच्या रांगेत लावू नयेत. त्यांना वेगळी भिंत द्यावी.

दुसऱ्या दिवशी मी कागदाची चिठ्ठी लिहून नेली: 'एआयच्या साहाय्याने केलेले कल्पनाचित्र; लोणार असे कधीच नव्हते.' त्या मुलाने कुरकुर न करता ती टाचली. वह्यांत उतरलेली कमळे मात्र तशीच राहिली असणार.