वायुवाहिनीतली जागा कोणाची?

दाभोळहून निघालेली नैसर्गिक वायूची वाहिनी 2013 मध्ये बंगळूरला पोहोचली. राज्यांच्या सीमा ओलांडणाऱ्या अशा वाहिनीत जागा कोणाला द्यायची, याचे नियम 2006 च्या कायद्याने स्थापन झालेले पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ ठरवते. 2008 च्या नियमांनुसार, स्वतःची गरज आणि पक्के करार यांच्या बेरजेवर 33 टक्के जादा क्षमता ठेवावी लागते. म्हणजे एकूण क्षमतेचा सुमारे चौथा हिस्सा इतरांसाठी खुला. वर्षभराचा करार न परवडणाऱ्या लहान कारखान्याची भिस्त यावरच.

तत्त्व रास्त आहे. पण जागा राखणे वेगळे आणि ती मिळणे वेगळे. गेल ही कंपनी वायू वाहते आणि विकतेही. दोन्ही व्यवहारांचे हिशेब वेगळे ठेवण्याचे बंधन आहे. मात्र हिशेब वेगळे झाले म्हणून हितसंबंध वेगळे होत नाहीत. युरोपीय संघात देशांच्या सीमेवरील क्षमतेचा वर्ष, तिमाही, महिना, दिवस असा जाहीर लिलाव होतो. गर्दीच्या ठिकाणी सतत न वापरलेली जागा काढूनही घेता येते.

हे तत्त्व आपल्याला परके नाही. फोंडाघाटच्या थांब्यावर आरक्षणवाला आला नाही, तर कंडक्टर ती सीट उभ्या प्रवाशाला देतो. वाहिनीत रोज किती जागा रिकामी आहे, हे त्या उभ्या प्रवाशाला दिसते का? नियमांची कसोटी टक्केवारीत नाही, इथे आहे.