अनुमान आणि सहवास

दुसऱ्याच्या मनातील भाव आपणांस दिसत नाही; दिसतात ती त्याची बाह्य चिन्हे. श्रीशंकुकाने रसाचे विवेचन याच भूमिकेवरून केले. धुरावरून अग्नीचे, तसे अनुभावांवरून स्थायी भावाचे अनुमान प्रेक्षक करतो, हे त्याचे मत अभिनवगुप्ताच्या ग्रंथातून आपणांस कळते. अनुमानाने रसास्वाद घडतो काय, हा वाद तूर्त बाजूस ठेवू. संसारात मात्र अनुमानावाचून चालत नाही. आणि तेथे अडचण अशी की, अश्रू शोकाचे असतात, हर्षाचे असतात, क्वचित नुसत्या धुराचेही असतात. मग खरे अनुमान व्हावे कसे?

याचे उत्तर लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त सापडते, असे मला वाटते. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात टिळकांचा संताप, न सांगता घराबाहेर पडणे, हातचे द्रव्य देऊन टाकणे यांची वर्णने विपुल आहेत. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळले. काही वर्षे त्या दूर राहिल्या. मग पुन्हा पतीसमवेत राहू लागल्या आणि १९०० साली स्वतःही त्या धर्मात गेल्या.

ग्रंथ लिहिताना हे सारे घडून गेले होते. टिळकही १९१९ सालीच निवर्तले होते. तरी मागाहूनचे शहाणपण बाईंनी आधीच्या प्रसंगांत मिसळलेले नाही. त्या वेळचा राग, त्या वेळची भीती त्यांनी तशीच राहू दिली. म्हणून वाचकही त्यांच्याबरोबर चुकतो आणि सुधारतो. अमर्ष, आवेग, चपलता हे संचारी भाव येतात नि जातात. त्यांच्या तळाशी टिकून राहिलेली प्रीती ओळखू येण्यास वर्षांचा सहवास लागतो. शंकुकाच्या प्रेक्षकाजवळ एका रात्रीचे नाटक होते. बाईंजवळ जवळजवळ चाळीस वर्षांचा संसार होता.

इंदूरच्या वर्गात हे उतारे शिकवताना ‘तापट परंतु उदार’ एवढ्यात टिळकांचे स्वभावचित्र मी मुलांकडून उतरवून घेत असे. उत्तर चूक नव्हते, गुणही मिळत. परंतु पहिल्या अनुमानाशी थांबण्याची सवय मीच त्यांना लावीत होतो. मुलांविषयीची माझी मतेही अशीच दोन-दोन विशेषणांची आहेत, हे फार उशिरा ध्यानात आले.

आता मी प्रश्न बदलला आहे : ‘मागील प्रकरणात टिळक तुम्हांला कसे वाटले होते?’ मुले प्रथम गोंधळतात. मग मागची पाने उलटू लागतात.