तालमूदचे दुसरे पान

तालमूदच्या कोणत्याही खंडाला पहिले पान नसते. ही रीत छपाईच्या सोयीतून आलेली असली, तरी ग्रंथाच्या स्वभावाशी ती चांगलीच जुळते. 'बराखोत' हा पहिला खंड दुसऱ्या पानावर सुरू होतो तो थेट एका प्रश्नाने: संध्याकाळची 'शमा' ही प्रार्थना कोणत्या वेळेपासून म्हणता येते? ती मुळात का म्हणावी, हे तेथे कोणीच सांगत नाही. चर्चा आधीच रंगलेली असते आणि वाचक उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा मध्येच येऊन बसतो.

असा ग्रंथ आयुष्यभर वाचत राहण्याची उमेद यावी कोठून? १९२३ साली व्हिएन्ना येथील परिषदेत रब्बी मायर शापिरो यांनी एक योजना मांडली. जगभरच्या यहुद्यांनी रोज तेच एक पान, म्हणजे 'दाफ', वाचावे. आजच्या गणनेप्रमाणे २,७११ पाने होतात आणि एक आवर्तन पुरे व्हायला सुमारे साडेसात वर्षे लागतात. चौदावे आवर्तन ५ जानेवारी २०२० रोजी सुरू झाले. सातत्यासाठी याहून सोपी युक्ती सापडणे कठीण. मात्र जेथे अडखळायला हवे तेथेही उद्याचे पान हाका मारत असते, हा तिचा दोष आम्हाला लहान वाटत नाही.

जुन्या परंपरेचा भर पानांच्या हिशेबावर नव्हे, जोडीदारावर आहे. 'बावा मेत्सिया' या खंडाच्या ८४व्या पानावर रब्बी योहानान आणि रेश लाकिश यांची कथा येते. रेश लाकिश पूर्वाश्रमीचा लुटारू. पुढे तो योहानानचा मेहुणा आणि अध्ययनातला सोबती झाला. एके दिवशी तलवार-सुरी यांच्या शुद्धाशुद्धतेचा वाद निघाला. लुटारूला आपल्या धंद्याची हत्यारे ठाऊक असायचीच, असा टोमणा योहानानने मारला. दुरावा वाढला, रेश लाकिश आजारी पडून वारला. दुःखी गुरूच्या सांत्वनासाठी एलाझार बेन पदात या विद्वानाला पाठवण्यात आले. योहानान जे बोलेल त्याला तो आधार काढून देई. योहानान उलट संतापला. रेश लाकिश प्रत्येक विधानावर चोवीस हरकती घेत असे, चोवीस उत्तरे द्यावी लागत, आणि त्यातून विषय उलगडत जाई. आपले म्हणणे बरोबर आहे, हे का त्याला ठाऊक नव्हते? पुढे तो मित्राला हाका मारीत फिरू लागला आणि त्याचे भान हरपले. अभ्यासाविषयी इतके जळजळीत लिखाण आमच्या तरी वाचनात नाही.

हा विरोध छापील पानावरही दिसतो. मध्ये मूळ मजकूर, एका बाजूला अकराव्या शतकातील राशीचे भाष्य आणि दुसऱ्या बाजूला 'तोसाफोत', ज्यात राशीचे स्वतःचे नातूदेखील त्याला खोडून काढतात. ही मांडणी रूढ केली डॅनियल बॉम्बर्ग या ख्रिस्ती मुद्रकाने, व्हेनिसमध्ये, १५२० ते १५२३ या काळात. त्यानंतर तीसच वर्षांनी, १५५३ मध्ये, पोपच्या रोम शहरात तालमूदच्या प्रती जाहीरपणे जाळल्या गेल्या. आम्हा कॅथलिक वाचकांनी दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात ठेवाव्यात.

जेरुसलेमचे रब्बी अदिन स्टाइनसाल्ट्स (१९३७–२०२०) यांनी १९६५ मध्ये हाती घेतलेली सटीप आवृत्ती २०१० मध्ये पूर्ण झाली. स्वरचिन्हे, विरामचिन्हे, आधुनिक हिब्रू अनुवाद असे सारे साहाय्य त्यांनी दिले. काही कर्मठ रब्बींनी त्यांच्या ग्रंथांवर कडाडून टीका केली. आमच्या मते साहाय्य देणे हा दोष नव्हे. राशीनेही तेच केले होते. फरक इतकाच की राशीची त्रोटक टीप वाचकाला मूळ ओळीकडे परत पाठवते, तर सलग स्पष्टीकरण त्याला पुढे घसरत नेते आणि प्रश्न कोठे उभा राहिला हे कळेनासे होते.

स्टाइनसाल्ट्स यांच्या इंग्रजी आवृत्तीत, जी २०१७ मध्ये सर्वांना विनामूल्य खुली झाली, यावर एक उपाय आहे. मूळ शब्दांचा अनुवाद ठळक अक्षरांत आणि भर घातलेले स्पष्टीकरण साध्या अक्षरांत छापलेले आहे. प्रथम केवळ ठळक अक्षरे वाचावीत. मजकूर तुटक, जवळजवळ तारेच्या भाषेतला वाटेल. तेथे थांबून पुढची हरकत काय असेल याचा तर्क करावा, शक्य तर शेजारी बसलेल्या कोणाशी वाद घालून, आणि मगच साध्या अक्षरांकडे वळावे. एका बैठकीत अर्धे पानही होणार नाही.